जुन्या एमजीबीचे बाह्य बारकावे: काय जपावे, काय बदलावे आणि कोणत्या क्रमाने बसवावे

आपला प्रश्न मी समजलो तो असा. आपल्या १९६४ सालच्या एमजीबी रोडस्टरचे (एमजी या ब्रिटिश कंपनीच्या दोन आसनांच्या उघड्या स्पोर्ट्स गाडीचे) पत्राकाम आणि ओल्ड इंग्लिश व्हाइट छटेतले रंगकाम पूर्ण झाले आहे, इंजिन बसले आहे, आणि आता बंपर, ग्रिल, दिवे, दाराची हँडले, बिल्ले, पट्ट्या, स्क्रू असा पसारा दोन खोक्यांत भरून ठेवलेला आहे. जुन्या भागांवर नव्याने क्रोम चढवावे की बाजारात मिळणारे नव्या घडणीचे भाग घ्यावेत, हे आपल्याला ठरवायचे आहे. काही भाग आपण बसवूनही पाहिले. गाडी दहा पावलांवरून उत्तम दिसते, पण जवळ गेल्यावर काहीतरी खटकते आणि ते नेमके काय हे सापडत नाही. जाता जाता आपण असेही लिहिले आहे की दारांची हँडले बटण दाबून उघडणारी आहेत. त्या एका ओळीकडे मी पुढे सविस्तर येणार आहे.

माझ्या मते खरा प्रश्न नवे की जुने हा नाही. गेली पंचवीसहून अधिक वर्षे मी जुन्या स्पोर्ट्स गाड्या पूर्ववत करण्याचे काम करतो आहे, आणि जवळून खटकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गाडीत मला एकच दोष दिसला आहे: तिच्या लहान भागांचे आपापसांत जुळत नाही. एक भाग १९६४ चा, दुसरा १९७० चा. एका पट्टीची चमक आरशासारखी, शेजारच्या दिव्याची कडा मंद. एका स्क्रूला सरळ खाच, त्याच्या जोडीदाराला फुलीची. डोळ्याला वय खटकत नाही, विसंगती खटकते. साठ वर्षांचे, किंचित ओरखडे पडलेले मूळ हँडल त्याच वयाच्या हँडलाशेजारी शोभून दिसते. त्याच्याशेजारी कोरे करकरीत हँडल आले की दोन्ही वाईट दिसतात.

आता, काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या आपल्यालाच ठरवाव्या लागतील. गाडी परीक्षकांसमोर उभी करायची आहे की दर रविवारी चालवायची आहे? ती मुळात कोणत्या देशासाठी बनली होती? खोक्यांतील जुन्या भागांपैकी किती खरोखर वाचवण्याजोगे आहेत? या तीन उत्तरांवर खर्च आणि वेळ दोन्ही ठरतात. मी पुढे जे लिहितो आहे ते गाडी चालवायची आहे, पण जाणकाराने जवळून पाहिली तरी मान डोलवावी, असे गृहीत धरून.

सर्वांत आधी गाडीची तारीख निश्चित करा. एमजीबी १९६२ पासून १९८० पर्यंत इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे तयार होत होती, आणि या काळात बाहेरून दिसणारे तिचे लहान भाग अनेकदा बदलले. कारखान्याच्या नोंदींवरून गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम प्रमाणपत्र देते. त्यात गाडी तयार झाल्याची तारीख, मूळ रंग आणि ती कोठे पाठवली गेली हे कळते. चासी क्रमांकही बोलका असतो: जीएचएन३ मधील ‘जी’ म्हणजे एमजी, ‘एन’ म्हणजे दोन आसनांची उघडी गाडी, आणि त्याजागी ‘डी’ असेल तर ती बंद छताची जीटी. कारखान्याच्या सुट्या भागांच्या यादीत बहुतेक बदल चासी क्रमांकानुसार दिलेले असतात. नुसत्या सालावर विसंबू नका, कारण साल नोंदणीचे असू शकते आणि गाडी त्याआधी काही महिने बनलेली असू शकते.

तारखेचा उपयोग कसा होतो ते काही उदाहरणांवरून लक्षात येईल. उभ्या क्रोम पट्ट्यांचे ग्रिल १९६९ पर्यंतच्या गाड्यांचे. त्यानंतर आत दबलेले काळे ग्रिल आले, आणि १९७२ च्या शरद ऋतूत क्रोमच्या चौकटीतली मधमाश्यांच्या पोळ्यासारखी काळी जाळी आली. १९७४ च्या उत्तरार्धात क्रोम बंपर गेले आणि जाड काळे रबरी बंपर आले. अमेरिकेसाठी बनलेल्या गाड्यांना १ जानेवारी १९६८ ही फार महत्त्वाची सीमारेषा आहे. त्या दिवसापासून तेथील केंद्रीय सुरक्षा नियम लागू झाले. चाकाच्या मधल्या नटाला बाहेर आलेले पंख चालेनासे झाले, वायपरच्या दांड्या चकाकणाऱ्या न ठेवता मंद करण्यात आल्या, आणि गाडीच्या कडेला बाजूचे दिवे किंवा परावर्तक आले. म्हणून आपल्या १९६४ च्या गाडीला तारांची चाके असतील तर दोन पंखांचा नट आणि चकचकीत वायपर हेच योग्य. हे दोन भाग नंतरच्या गाडीवरून आलेले असतील, तर खटकण्याचे निम्मे कारण तेथेच सापडेल.

चाकांविषयी आणखी एक. कारखान्यातून ही तारांची चाके साठ आऱ्यांची आणि चंदेरी रंग दिलेली अशी येत. आज बहात्तर आऱ्यांची क्रोमची चाके सर्रास लावलेली दिसतात. ती मजबूत आहेत हे मान्य, पण ओल्ड इंग्लिश व्हाइटच्या सायीसारख्या रंगाशेजारी त्यांचा झगमगाट इतका पुढे येतो की बाकीचे सगळे क्रोम फिके वाटू लागते.

आता हँडलांकडे येतो. सुरुवातीच्या एमजीबीच्या दाराला बाहेर ओढून उघडण्याचे हँडल होते. बटणाचे हँडल १९६५ मध्ये आले. म्हणजे १९६४ च्या गाडीला बटणाची हँडले असणे याचा सरळ अर्थ असा, की दोन्ही दारे कधीतरी बदलली गेली आहेत, किंवा जुन्या दारांच्या पत्र्यात कोणीतरी फेरफार केला आहे. हँडल बदलताना कारखान्याने आतले कुलूपही बदलले होते, आणि कुलूप बदलले की खांबावर त्याला अडकणारा भागही बदलतो. त्यामुळे नुसती ओढायची हँडले मागवून ती या दारांवर बसवण्याचा प्रयत्न कृपा करून करू नका. मी असा प्रयत्न झालेली एक गाडी हाताळली आहे: वरून सुबक, आत मात्र लोखंडी पट्टीचे जुगाड, आणि दार खड्ड्यात आपोआप उघडत असे. तो बारकाव्याचा प्रश्न उरत नाही, तो सुरक्षिततेचा होतो.

माझा सल्ला असा. आधी खांबावरील अडकवणीच्या स्क्रूंभोवतीचा पत्रा पाहा. तेथे भरून घासलेली जुनी भोके दिसली, तर दारे बदललेली आहेत हे पक्के. मग दोनच मार्ग प्रामाणिक आहेत: एकतर योग्य काळाची दारे, कुलपे आणि अडकवण्या असा पूर्ण संच मिळवून तो बसवायचा, आणि त्यासाठी दारांचे रंगकाम पुन्हा करायची तयारी ठेवायची, किंवा आहे ती बटणाची हँडले चांगल्या स्थितीत ठेवून पुढे जायचे. चालवायच्या गाडीसाठी मी दुसरा मार्ग निवडीन. ताजे रंगकाम मोडण्याइतकी ही बाब मोठी नाही, आणि उद्या योग्य दारे मिळालीच तर दार हा बोल्टवर निघणारा भाग आहे. फक्त गाडीच्या कागदपत्रांसोबत तशी नोंद लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या मालकाला हेच कोडे नव्याने सोडवावे लागणार नाही.

क्रोमचा विषय मोठा आहे, म्हणून थोडे मुळापासून सांगतो. आपण ज्याला क्रोम म्हणतो त्यातील चकाकी मुख्यतः निकेलची असते. चांगल्या कामात निकेलचा थर वीस-तीस मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो आणि वरचा क्रोमियमचा थर एका मायक्रॉनच्या निम्म्याहूनही कमी. क्रोमियम निकेलला काळवंडू देत नाही आणि त्याला किंचित निळसर झाक देतो. नुसते निकेल पिवळसर, उबदार दिसते. घासलेले स्टेनलेस स्टील राखाडी दिसते. या तीन छटा एकदा शेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात पाहिल्या की पुन्हा कधी विसरत नाहीत. आपल्या बंपरशेजारचा स्टेनलेसचा स्क्रू किंवा पट्टी का वेगळी वाटते, याचेही उत्तर त्यात आहे.

म्हणून खोक्यातील प्रत्येक भाग आधी धातूनुसार वेगळा करा. चुंबक चिकटला तर बहुधा पोलाद. हलका आणि चुंबक न चिकटणारा भाग ॲल्युमिनियमचा. रोडस्टरच्या पुढच्या काचेची चौकट तशीच आहे, आणि तिच्यावर क्रोम नसून ॲनोडायझिंग, म्हणजे विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियमवरच तयार केलेला संरक्षक थर, आहे. तिला पॉलिशच्या चाकावर धरून आरसा बनवू नका. जुना थर रसायनाने काढून, हलके पॉलिश करून पुन्हा ॲनोडायझिंग करून घेतले तरच मूळची रेशमी चमक येते आणि टिकते. जड, चुंबक न चिकटणारा, आणि ज्यावर बारीक फोड येऊन पांढरी भुकटी दिसते तो भाग जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतकामाचा. खरी परीक्षा या शेवटच्या गटात आहे.

जस्ताच्या ओतकामावरील फोड वरून घासून जात नाहीत. क्रोममधील सूक्ष्म छिद्रांतून ओल आत गेलेली असते आणि धातूला खालून खड्डा पडलेला असतो. नीट दुरुस्ती करायची तर जुना मुलामा उतरवावा लागतो, प्रत्येक खड्डा बारीक कोरणीने पांढरे संपेपर्यंत साफ करावा लागतो, तांब्याचा पातळ थर द्यावा लागतो, खड्डे मऊ डाखाने भरावे लागतात, कानशीने आकार परत आणावा लागतो, पुन्हा तांबे, मग निकेल आणि शेवटी क्रोम. हा मिश्रधातू सुमारे ३८० अंश सेल्सियसला वितळू लागतो, त्यामुळे डाख देणाऱ्याचा हात जरा चुकला तरी भागच गळून जातो. एवढे काम करणारा कारागीर मिळाला आणि भाग दुर्मीळ असेल तर खर्च जरूर करा. खड्डे खोल असतील आणि नव्या घडणीचा चांगला भाग मिळत असेल, तर मी आग्रह धरणार नाही.

पोलादी बंपरच्या बाबतीत मात्र माझे मत ठाम आहे: मूळ बंपर वेडावाकडा किंवा कुजलेला नसेल तर तोच ठेवा. नव्या घडणीचे अनेक बंपर मी लावून पाहिले आहेत. पत्रा बहुतेक वेळा पातळ असतो आणि कोपऱ्यांची वळणे मूळ साच्याइतकी भरलेली नसतात. ते वळण मागच्या मडगार्डच्या वळणाशी समांतर जायला हवे. तेथे फट एका टोकाला बोटभर आणि दुसऱ्या टोकाला दोन बोटे झाली की पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण नजर तेथेच अडखळते.

मुलामा देणाऱ्याकडे भाग पाठवण्याआधी प्रत्येक भागाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र काढा, मोजून यादी करा, आणि यादीची प्रत त्याच्याकडून सही करून घ्या. माझ्या सुरुवातीच्या काळात एका कारखान्यातून दिव्यांच्या चार कड्यांपैकी तीन परत आल्या आणि चौथीचा पत्ता कधीच लागला नाही. माझ्याकडे यादी नव्हती, त्यामुळे बोलायला तोंडही नव्हते. दुसरी सूचना अधिक महत्त्वाची: पॉलिश करणाऱ्याला कडा आणि अक्षरे दाखवून सांगा की येथे चाक लावायचे नाही. एका हँडलाच्या मुळाशी असलेली केसाएवढी पायरी मी अशीच गमावली आहे. हँडल परत आले ते लखलखीत होते, पण साबणाची वापरलेली वडी दिसावी तसे सगळीकडून गोल झालेले. गेलेली कड परत येत नाही. आणि समोरून एका दृष्टिक्षेपात दिसणारे सर्व भाग शक्यतो एकाच ठिकाणी, एकाच खेपेला द्या, कारण क्रोम चढवण्याच्या षट्संयुजी आणि त्रिसंयुजी अशा, क्रोमियमची वेगवेगळी रासायनिक रूपे वापरणाऱ्या, दोन पद्धतींची छटा थोडी वेगळी पडते.

बिल्ल्यांबाबत घाई नको. त्या काळात काही बिल्ले तांब्यावर काचेचा मिना भाजून केलेले असत, काही ओतकामाच्या खोलगटात रंग भरून, तर काही पारदर्शक ॲक्रिलिकला मागून रंग देऊन. तिसऱ्या प्रकाराला थिनर लागला तर तो कायमचा गेला. साबणाचे कोमट पाणी आणि मऊ ब्रश एवढ्यावरच थांबा. रंग उडालेला असेल तर ओतकामातला रंग बारीक ब्रशाने भरता येतो, आणि तो हातभर अंतरावरून नव्या बिल्ल्यापेक्षा चांगला दिसतो, कारण नव्या घडणीच्या बिल्ल्यात अक्षरांची जाडी बहुधा थोडी वेगळी असते.

स्क्रूंकडे बहुतेक लोक शेवटी पाहतात. मी आधी पाहतो. दिव्याच्या कडेचा एक स्क्रू हातात घेऊन भिंगाखाली धरा. डोके घुमटाकार आणि खाली निमुळते आहे की सपाट? खाच सरळ आहे, साधी फुली आहे, की फुलीच्या मध्ये आणखी चार बारीक रेघा आहेत? त्या बारीक रेघा म्हणजे पोझिड्राइव्ह, जो १९६० च्या दशकात प्रचारात आला. साधी फुली म्हणजे फिलिप्स, जो त्याच्या कितीतरी आधीचा. आपल्या दोन खोक्यांत हे तिन्ही प्रकार मिसळलेले असणार हे मी न पाहता सांगू शकतो. ज्या जागी मूळ स्क्रू अजून अडकून बसलेला आहे ती जागा शोधा आणि तोच नमुना त्या जोडीत सगळीकडे वापरा. गंज नको म्हणून सरसकट स्टेनलेसचे स्क्रू वापरण्याचा मोह होतो, पण ॲल्युमिनियमच्या चौकटीत ते थेट बसवले तर ओलीच्या संगतीने ॲल्युमिनियम खाल्ले जाते. तेथे वापरायचेच असतील तर आट्यांना गंजरोधक जोडपेस्ट लावल्याशिवाय लावू नका. सगळ्या स्क्रूंच्या खाचा एका रेषेत आणण्याची पद्धत मला पटत नाही. कारखान्यात गाड्या जोडल्या जाणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर कोणी तसे करत नव्हते, आणि खाच रेषेत आणण्यासाठी एक स्क्रू सैल तर दुसरा जास्त आवळलेला राहतो.

दिव्यांच्या काचा आणि प्लास्टिकच्या भिंगांवर अक्षरे व क्रमांक असतात, ते वाचा. वर्तुळात मोठा ‘ई’ आणि शेजारी अंक असेल तर तो १९५८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसारचा मान्यता-अंक आहे, आणि अंक देश सांगतो: १ जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली, ११ ब्रिटन. डावे-उजवे भिंग वेगळ्या घडणीचे असले की त्यांची लाल किंवा नारिंगी छटा दिवा लागल्यावर हमखास वेगळी दिसते. मूळ भिंगाला तडा नसेल तर प्लास्टिकच्या बारीक पॉलिशने ते आश्चर्यकारकरीत्या उजळते.

रबरी बैठका मात्र सगळ्या नव्या घ्या. येथे जुने जपण्यात अर्थ नाही, कारण कडक झालेले रबर पाणी धरून ठेवते आणि रंग उचलते. फक्त जाडी मोजून घ्या. हँडलाखालची बैठक मूळपेक्षा एक मिलिमीटर जास्त जाड असली तरी हँडल पत्र्यावर उभे राहिल्यासारखे दिसते.

आता क्रमाचा प्रश्न, आणि येथे मला एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. हे सगळे भाग रंगकामाच्या आधी, नुसत्या प्रायमरवर एकदा लावून पाहायला हवे होते. तेव्हा भोक दोन मिलिमीटर सरकवायला काही लागत नाही. ताज्या रंगात तेच काम जोखमीचे होते. रंगाच्या थरांनी भोकेही थोडी लहान झालेली असतात. मी एकदा नव्या बिल्ल्याच्या खुंट्या बसत नाहीत म्हणून रंगवलेल्या डिकीच्या झाकणावर ड्रिल चालवले; भोकाच्या कडेला नखाएवढा टवका उडाला, आणि अखेर संपूर्ण झाकण पुन्हा रंगवावे लागले. आपण ड्रिल हातात घेऊ नका. भोकाभोवती मास्किंग टेपचे दोन-तीन थर लावा, बारीक गोल कानस आत ढकलताना रंगाच्या बाजूने पत्र्याकडे अशी एकाच दिशेने चालवा, ओढताना उचलून घ्या, आणि उघड्या पडलेल्या कडेला इपॉक्सी प्रायमरचा थेंब लावून तो पूर्ण वाळू द्या. तरीही खुंटी बसत नसेल तर पत्र्याला नव्हे, बिल्ल्याच्या खुंटीला कानस लावा.

आधी काचेची चौकट, मग हँडले, मग दिवे, मग बाजूच्या पट्ट्या आणि बिल्ले, आणि सर्वांत शेवटी ग्रिल व बंपर, असा क्रम मी ठेवतो, म्हणजे बाहेर आलेला बंपर काम करताना आड येत नाही. पट्ट्या लावताना आधी पूर्ण लांबीभर टेपची रेषा मारून दोन दिवस तशीच ठेवा आणि येता-जाता पाहा. दाराच्या फटीपाशी पट्टी वर-खाली झाली तर ती रेषेवरच दिसते.

बंपर सममितीच्या हिशेबाने बसवू नका. या गाड्यांच्या दोन बाजू फूटपट्टीने क्वचितच सारख्या भरतात. जमिनीपासून दोन्ही टोकांची उंची मोजून बंपर अगदी समपातळीत आणला आणि दिवे मात्र एका बाजूला चार मिलिमीटर वर असले, तर बंपरच तिरका वाटतो. म्हणून नट हाताने लावून सैल ठेवा, गाडी तिच्या चाकांवर, टायरमध्ये योग्य हवा असताना सपाट जमिनीवर उभी करा, आणि पाच पावले मागे जाऊन गुडघ्यावर बसा, म्हणजे नजर बंपरच्या उंचीला येईल. दिव्यांच्या खालच्या कडा आणि बंपरची वरची कड यांच्यातील अंतर दोन्ही बाजूंना सारखे दिसेपर्यंत दुसऱ्या माणसाला बंपर हलवायला सांगा. मग मडगार्डकडची फट पाहा, पुन्हा समोरून पाहा, आणि दोन्हीकडून समाधान झाले की एका बाजूचा एक, दुसऱ्या बाजूचा एक, अशा आळीपाळीने नट आवळत जा.